स्टेअरिंग सैल झालंय? आधी झिजलेला सांधा शोधा

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी पुन्हा कर्ज मागितलं. कारण तेच, मालकांच्या जुन्या जीपचं स्टेअरिंग. पहिल्या पैशातून दुरुस्ती झाली होती, तरी गाडी रस्त्यावर डावीउजवीकडे जातच होती. बायकांनी विचारलं, "पहिल्या पैशाचं काय झालं?" ताई गप्प बसल्या. दर बाजाराला आम्ही त्याच जीपमधून घाट उतरतो, हेही सगळ्यांच्या मनात होतं. म्हणून ठरवलं, पैसे देण्याआधी बिघाड कुठे आहे ते समजून घ्यायचं. एका जुन्या जाणत्या मेकॅनिककडून जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगते.

या जीपचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये आहे. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी ती मुंबईत तयार करायला घेतली आणि ती खेड्यापाड्यांत पोचली. तिची रचना साधी आहे. बहुतेक भाग उघडे, डोळ्यांना दिसणारे. त्यामुळे बिघाड शोधायला महागडं यंत्र लागत नाही.

जात्याचा खुंटा सैल झाला की काय होतं? हात थोडा नुसताच फिरतो, मग पाळी हलते. स्टेअरिंगचं तसंच आहे. चाक फिरवलं की आधी दांडा फिरतो, मग स्टेअरिंग बॉक्समधले दाते. बॉक्समधून एक आर्म बाहेर येतो, तो ड्रॅग लिंक नावाची सळई ओढतो. टाय रॉड पुढची दोन्ही चाकं एकत्र वळवतो. जिथे जिथे सांधा आहे, तिथे बॉल जॉइंट किंवा पिन असते. वर्षानुवर्षं धूळ आणि चिखल गेला, ग्रीस भरलं नाही, की हे सांधे झिजतात. प्रत्येक सांध्यातली थोडी थोडी ढिलाई हातात येईपर्यंत मोठी होते. मेकॅनिक तिला 'प्ले' म्हणतात.

तपासणी दोघींनी करायची. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड आणि पुढची चाकं सरळ. एकीने स्टेअरिंग हळूच डावीउजवीकडे हलवायचं. टायर हलायच्या आत स्टेअरिंगची कड दोन बोटांपेक्षा जास्त फिरली, तर गाडी दाखवायलाच हवी. दुसरीने पुढच्या बाजूला बसून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. एक तुकडा हलतो आणि त्याला जोडलेला तुकडा लगेच हलत नाही, तिथेच झीज आहे. स्टेअरिंग बॉक्सच चेसिसवर हलत असेल, तर बोल्ट ढिले आहेत किंवा तिथे चीर पडली आहे.

पुढची तपासणी गॅरेजमध्ये करून घ्या. चाक जॅकवर उचलायचं आणि एक्सलखाली भक्कम ठोकळा लावायचा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. टायर वर आणि खाली धरून हलवायचा. खडखडला, तर एकाने ब्रेक दाबायचा. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली, तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे. थांबली नाही, तर किंगपिन झिजली आहे.

आता आमच्या ताईंच्या पैशाचं काय झालं ते सांगते. गॅरेजवाल्याने बॉक्सवरचा स्क्रू आवळून दिला होता, तोही तीनदा. हे काम सोपं आणि लवकर होणारं असतं. पण दोष बॉक्समध्ये नव्हताच, टाय रॉडचा बॉल जॉइंट झिजलेला होता. स्क्रू जास्त आवळण्यात धोकाही आहे. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून बॉक्सचे दाते मधल्या भागात जास्त झिजतात. मध्ये घट्ट बसेपर्यंत आवळलं, की वळणावर ते जाम होतात. मग वळण संपल्यावर चाकं आपोआप सरळ होत नाहीत. घाटात हे फार घातक आहे. म्हणून आधी सांधे बघायचे, बॉक्सला हात शेवटी लावायचा.

झिजलेला बॉल जॉइंट बदलायचाच असतो. ठोकून किंवा वेल्डिंग करून भागवू देऊ नका. तो सांधा तुटला तर गाडी वळवताच येत नाही. नवीन बसवल्यावर नटात स्प्लिट पिन घातली आहे का ते बघा आणि चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवे टायर एका बाजूने झिजतील. ग्रीस वेळच्या वेळी भरा. पाण्याचिखलातून गाडी चालत असेल तर लवकर भरा.

आमच्या गटाने ताईंना कर्ज दिलं, पण तीन गोष्टी ठरवून. कुठला भाग बदलायचा ते आधी लिहून घ्यायचं, जुना भाग परत आणायचा आणि पावती बैठकीत दाखवायची. पुढच्या बैठकीत तो जुना बॉल जॉइंट सगळ्यांच्या हातातून फिरला. बोटांनी हलवला तरी खुळखुळत होता. एक आजी म्हणाल्या, "एवढ्याशा तुकड्यावर आपण अकरा जणी बसून जात होतो होय!"

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या बाजाराच्या दिवशी गाडीत बसण्याआधी ड्रायव्हरदादांना एवढं जरूर विचारा: "स्टेअरिंगला प्ले किती आहे?"