दुधाचे मान आणि वेतांतील अंतर : वर्धा जिल्ह्यातील गोपालकांसाठी काही विचार

वर्धा शहराला लागून वाढलेल्या बोरगाव मेघे, सावंगी मेघे, सिंदी मेघे यांसारख्या गावांतील गोपालकास दुधासाठी गिऱ्हाईक शोधीत दूर जावे लागत नाही. त्याची खरी चिंता दोन प्रश्नांची असते. गाय दूध किती देते, आणि ती पुन्हा केव्हा विते? गाईचे दूध कमी झाले किंवा ती वेळेवर फळली नाही की बहुधा दोष तिच्या जातीस दिला जातो. गाय विकली जाते व प्रसंगी कर्ज काढून दुसरी आणली जाते. नवी गाय त्याच कोठ्यात, त्याच कुटारावर राहते आणि दोन वेतांनंतर तिच्याबद्दलही तीच तक्रार ऐकू येते. कर्ज मात्र शिल्लक राहते. म्हणून कोणती गोष्ट वंशावर अवलंबून असते व कोणती आपल्या निगेवर, हे नीट समजून घेणे प्रत्येक गोपालकाच्या हिताचे आहे.

आपल्या भागातील गाय

वर्धा जिल्ह्याचे मूळ गोधन म्हणजे गवळाऊ जात होय. आर्वी, आष्टी व कारंजा या तालुक्यांचा डोंगराळ टापू, त्यास लागून असलेला नागपूर जिल्ह्याचा भाग आणि मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी व बालाघाट हा या जातीचा प्रदेश आहे. नंद गवळी समाजाने तिची पिढ्यान्‌पिढ्या जोपासना केली. पांढऱ्या किंवा करड्या रंगाची, हलक्या बांध्याची ही जनावरे चालण्यात चपळ असतात. बंडीस व औतास तिचे बैल उत्तम ठरत असल्याने पैदाशीची निवड दीर्घकाळ बैलाकडे पाहूनच झाली. साहजिकच दुधाचे मान बेताचेच राहिले. एका वेतात सरासरी सुमारे ६०० किलो दूध व दुधात सुमारे सव्वाचार टक्के स्निग्धांश, असे या जातीचे प्रमाण सांगता येईल.

या गाईच्या सुधारणेचा विचार वर्ध्यास नवा नाही. १९४१ साली येथे गोसेवा संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी फेब्रुवारी १९४२ मधील आपल्या निधनापर्यंतचा काळ या कार्यास वाहिला. दूध आणि बैल या दोन्ही गरजा एकाच गाईने भागवाव्यात, ही महात्मा गांधींची दृष्टी होती. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथील शासकीय पशुपैदास केंद्राचे नावही गवळाऊ जातीच्या जोपासनेशी जोडलेले आहे. पुढे संकरित पैदाशीचा प्रसार झाला. आज या भागातील कोठ्यांत गवळाऊ, गावठी, जर्सी संकरित व होल्स्टीन संकरित अशी सर्व प्रकारची जनावरे दिसतात.

वंशाचा वाटा किती?

एकाच जातीच्या, एकाच कळपातील दोन गाईंच्या दुधात फरक का पडतो, याचा शास्त्रज्ञांनी पुष्कळ अभ्यास केला आहे. या फरकापैकी साधारणतः पाव ते एक-तृतीयांश भाग आनुवंशिक असतो. उरलेला भाग चारा, पाणी, हवामान, वय, आरोग्य व दोहन यांचा असतो. वेळेवर माजावर येणे, फळणे व दोन वेतांतील अंतर या बाबतींत तर आनुवंशिकतेचा वाटा एक-दशांशाहूनही कमी भरतो.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. उत्तम वळूच्या रेताने पुढील पिढीचे दूध वाढविता येते व ते अवश्य करावे. परंतु गाय वेळेवर फळण्यासाठी जात बदलण्याचा उपयोग थोडा. तो गुण कोठ्यातच, निगेने मिळवावा लागतो.

पैदास करताना शुद्ध गवळाऊ गाय निवडक गवळाऊ वळूच्या रेतानेच भरवावी, म्हणजे जात टिकेल व सुधारेल. संकरित जनावरांत विदेशी रक्ताचे प्रमाण ५० ते ६२.५ टक्क्यांच्या आसपास राखणे आपल्या हवामानास मानवते. लहान बांध्याच्या कालवडीस मोठ्या चणीच्या विदेशी वळूचे रेत दिल्यास वासरू अडण्याचा संभव असतो. गावच्या कळपात मोकाट फिरणारे निकृष्ट खोंड वेळीच खच्ची करून घ्यावेत. तसे न केल्यास बाप-लेकीचा संकर होऊन पुढची पिढी खुरटी निपजते.

दूध आणि गर्भधारणा यांचा संबंध

व्याल्यानंतर पहिले दीड ते दोन महिने दूध चढत जाते. या काळात गाईची भूक मात्र तितक्या वेगाने वाढत नाही. दुधावाटे जे बाहेर जाते ते खाण्यातून भरून निघत नाही, आणि गाय अंगावरील चरबी झिजवून दूध देऊ लागते. झीज फार झाली की शरीर प्रथम आपला जीव सांभाळते व गर्भधारणेचे कार्य मागे टाकते. अशा गाईचे बीजकोश शांत राहतात आणि ती माजावरच येत नाही. अधिक दूध देणारी गाय उशिरा फळते, ही तक्रार म्हणूनच वारंवार ऐकू येते. दोष दुधाचा नसून अपुऱ्या आहाराचा असतो.

यावर उपाय विण्यापूर्वीच सुरू करावा लागतो. गाभण गाईस शेवटचे दोन महिने एक ते दीड किलो जादा खुराक द्यावा. विताना गाय अंगाने भरलेली असावी, पण लठ्ठ नसावी. फार लठ्ठ गाय विताना अडते व व्याल्यावर तिची भूक मंदावते.

वैरण, खुराक आणि पाणी

आपल्याकडे कापूस, तूर व सोयाबीन यांचे क्षेत्र वाढले, ज्वारी मागे पडली आणि तिच्याबरोबर कडबाही दुर्मिळ झाला. जनावरे गव्हाच्या व सोयाबीनच्या कुटारावर आली. कुटाराने पोट भरते, परंतु त्यात पोषण थोडे असते. हिरव्या चाऱ्यातून मिळणारे अ जीवनसत्त्व तर त्यात जवळजवळ नसतेच. त्याच्या अभावी माज न येणे, वार अडकणे व वासरे अशक्त निपजणे हे दोष उद्भवतात.

मध्यम बांध्याच्या दुभत्या गाईस दररोज १५ ते २० किलो हिरवा चारा व ५ ते ६ किलो वाळलेली वैरण मिळावी. शरीरपोषणासाठी सुमारे दीड किलो आणि प्रत्येक अडीच लिटर दुधामागे एक किलो याप्रमाणे खुराक द्यावा. सरकीची ढेप व तुरीची चुनी आपल्या भागात सहज मिळते. मात्र केवळ ढेपेवर भर न देता तीत धान्याचा भरडा मिसळावा. ५० ग्रॅम क्षारमिश्रण व थोडे मीठ रोज चुकवू नये. स्फुरद, तांबे व जस्त यांच्या उणिवेमुळे धडधाकट दिसणारी गायही फळत नाही. विहिरीचे पाणी असल्यास शेताच्या एका कोपऱ्यात संकरित नेपियर व दशरथ घास लावावा.

दुधात सुमारे ८७ भाग पाणीच असते. यामुळे दिवसातून दोनदा बादली दाखविणे पुरेसे नाही. गाईस वाटेल तेव्हा पिता येईल असे स्वच्छ पाणी टाक्यात ठेवावे.

उन्हाळ्याचा परिणाम

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांपर्यंत व कधी त्याही वर जातो. देशी गाईची सैल कातडी, आखूड केस व घाम येण्याची शक्ती यांमुळे ती उष्णता बरीच सहन करते. संकरित गाय मात्र धापा टाकू लागते, कमी खाते व दुधावर उतरते. तिचा माज मंद होतो, थोडा वेळ टिकतो व बहुधा रात्री दिसतो. भरविल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत फार उष्णता झाल्यास गर्भ टिकत नाही.

टिनाच्या छपरावर कुटार किंवा तुराट्या पसराव्यात. कोठ्याची उंची व वायुवीजन पुरेसे ठेवावे. दुपारी अंगावर पाणी मारावे आणि वैरणीचा मोठा हिस्सा पहाटे व रात्री घालावा. कोठ्याभोवती कडुनिंबाची झाडे लावणे हा सर्वांत टिकाऊ उपाय आहे.

दोहन आणि आटविणे

धार काढण्याची वेळ व शक्यतो माणूसही बदलू नये. कास धुऊन पुसल्यावर गाय पान्हा सोडते आणि तो केवळ पाच ते सात मिनिटे टिकतो. तेवढ्यात दोहन पूर्ण झाले पाहिजे. मारहाण, आरडाओरड किंवा कुत्र्याची भीती यांमुळे पान्हा चोरला जातो. देशी गाय वासराशिवाय सहसा पान्हा सोडत नाही. वासरू दगावले की दूध गेलेच असे समजावे. म्हणून व्याल्यानंतर पहिल्या एक-दोन तासांतच वासरास चीक पाजावा.

पुढील वेतापूर्वी गाय दोन महिने आटविणे अगत्याचे आहे. या विश्रांतीत कासेची झीज भरून निघते व पोटातील वासरू वाढते. शेवटपर्यंत धार काढणारा गोपालक पुढच्या वेतातील दूध आधीच संपवीत असतो.

माज ओळखणे

गाय साधारणतः दर २१ दिवसांनी माजावर येते व माज सुमारे १२ ते १८ तास टिकतो. हंबरणे, अस्वस्थ होणे, वारंवार लघवी करणे, दूध कमी होणे, दुसऱ्या जनावरावर उडणे व दुसरे जनावर अंगावर उडत असता स्थिर उभे राहणे ही लक्षणे होत. काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट लोंबू लागतो. देशी गाईंत पुष्कळदा मुका माज असतो. तो ओळखण्यासाठी पहाटे व रात्री निजण्यापूर्वी कोठ्यात एकेक फेरी घालावी. माज सकाळी दिसल्यास त्याच सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी गाय भरवावी.

व्याल्यानंतर दोन ते तीन महिन्यांत गाय पुन्हा भरविली जावी. त्यानंतर २१ दिवसांनी ती उलटली नाही म्हणजे गाभण आहेच असे धरून चालू नये. दोन ते तीन महिन्यांनी पशुवैद्यकाकडून गर्भतपासणी करावी. लागोपाठ तीनदा उलटणाऱ्या गाईस घरगुती औषधे देत न बसता तिची तपासणी करून घ्यावी.

कालवडीचे पहिले वेत वयापेक्षा वजनावर अवलंबून असते. उपाशी वाढलेली कालवड चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत केवळ खात राहते. संकरित कालवड सुमारे २५० किलो वजनाची झाली की भरविण्यायोग्य समजावी.

रोगांपासून जपणूक

कासदाहाने एक सड निकामी झाला तरी जन्माचे नुकसान होते. लाळ्या-खुरकूत बरा झाल्यावरही दूध पूर्ववत होत नाही. सांसर्गिक गर्भपाताने गाय गाभडते व हा रोग माणसासही होतो. २०२२ साली लम्पी चर्मरोगाने महाराष्ट्रातील गोपालकांची किती हानी केली, हे सर्वांच्या स्मरणात आहे. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा व लम्पीची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने टोचून घ्यावी. सांसर्गिक गर्भपाताची लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडीस एकदाच देतात. गाभडलेल्या गाईची वार उघड्या हाताने कधीही काढू नये.

वेतांतील अंतराचा हिशेब

चार वर्षांची असताना प्रथम व्यालेली गवळाऊ गाय पुढे आठ वर्षे, म्हणजे ९६ महिने, दुधात आहे असे धरू. दोन वेतांत १८ महिन्यांचे अंतर पडल्यास या काळात सव्वापाच वेते होतात. तेच अंतर १४ महिन्यांवर आणल्यास जवळजवळ सात वेते होतात. दीड वेताचा हा फरक, प्रत्येक वेतास ६०० किलोप्रमाणे, सुमारे ९०० किलो दुधाचा होतो. शिवाय एखादे वासरू अधिक मिळते. हा लाभ नवी गाय न घेता झालेला असतो.

उलट, माज तीनदा चुकला तर ६३ दिवस वाया जातात. दररोज सहा किलो वैरण धरली तरी तेवढ्या अवधीत ३७८ किलो वैरण काहीही उत्पन्न न देता संपते. तीन वेळा रात्रीची फेरी टाळण्याची ही किंमत आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील प्रत्येक गोपालकास एक साधी वही ठेवावयास लावावी. तीत प्रत्येक गाईची व्याल्याची, माजाची, भरविल्याची, तपासणीची व आटविल्याची तारीख लिहावी आणि आठवड्यातून एकदा तरी दूध मोजून नोंदवावे. ही वही समोर असली म्हणजे आहार उणा पडला, माज निसटला की गाय खरोखरीच दुधास कमी आहे, हे स्पष्ट दिसेल. गाय विकण्याचा निर्णय त्यानंतर घ्यावा.