नवजाचा रस्ता : रुंद की भक्कम?
कोयनानगरहून नवजाकडे जाणारा रस्ता रुंद करावा का, हा प्रश्न डांबराचा कमी आणि जमिनीचा जास्त आहे. ‘नवीन महाबळेश्वर’ या गिरिस्थान प्रकल्पात सातारा, पाटण, जावळी अशा तालुक्यांतली सुरुवातीला २३५ गावे घेतली गेली. रस्ता रुंदावला की मागोमाग प्लॉटिंग येतेच. इथल्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, पावसाळ्यात साचणारी उथळ पाणथळ कागदावर पडीक ठरते, पण तेच पाणी झिरपत खालच्या झऱ्यांना मिळते. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातच मिरगाव, ढोकावळे, आंबेघर इथे दरडींनी माणसे गाडली. अशा उतारांवर आणखी डोंगर कापणे शहाणपणाचे नव्हे.

कोयना धरणासाठी घरदार सोडलेल्यांना आता रस्ताही नाकारायचा का? मुळीच नाही. पण आजाऱ्याला दवाखाना गाठायला वाहून न जाणाऱ्या मोऱ्या, संरक्षक भिंती आणि वेळेवरची एसटी लागते. ते आधी करा. रुंदीचे ग्रामसभेला विचारा.