आधी कोठे, मग काय

मज्जासंस्थेच्या विकारांचे जे ज्ञान आज वैद्यकाचा विद्यार्थी परीक्षेपुरते सूत्ररूपाने पाठ करतो, ते बव्हंशी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावण्याचे कोणतेही साधन हाती नसताना, खाटेशेजारी टिपलेल्या लक्षणांची शवविच्छेदनाशी चिकाटीने रुजुवात घालून मिळविलेले आहे, याचे स्मरण सहसा राहत नाही.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी, ज्याच्या मुखातून ‘तां’ या एका ध्वनीखेरीज जवळजवळ काहीच उमटत नसे, परंतु ज्यास इतरांचे बोलणे बरेचसे उमगत असे, अशा रुग्णाच्या मेंदूत, डाव्या फ्रंटल खंडात, विकृतीचे ठिकाण दाखवून दिले. आणि १८७४ साली कार्ल वेर्निके यांनी, वाणी ओघवती पण अर्थशून्य आणि आकलन मात्र लुप्त, असा नेमका विपरीत प्रकार डाव्या टेम्पोरल खंडाच्या मागील भागाशी जोडला. पुढच्याच वर्षी एर्ब आणि वेस्टफाल यांनी, परस्परांहून स्वतंत्रपणे, गुडघ्याखालील स्नायुबंधावर आघात करताच पाय उसळतो ही क्रिया निदानाच्या उपयोगी आणली. आणि १८९६ साली बाबिन्स्की यांनी अवघ्या काही ओळींच्या टिपणात सांगितले, की तळपाय खरवडला असता अंगठा खाली न वळता वर उचलला जाणे ही मेंदूकडून येणाऱ्या मार्गाच्या बिघाडाची खूण होय. तान्ह्या मुलात मात्र तेच स्वाभाविक असते.

या सर्व दाखल्यांतून जो निवाडा सिद्ध झाला, तो आजही अबाधित आहे: अवयव ताठर, प्रतिक्षिप्त क्रिया तीव्र आणि अंगठा वर, तर दोष वरच्या चेतापेशीच्या मार्गात, अवयव लुळा, स्नायू कृश व फडफडणारा आणि प्रतिक्षिप्त क्रिया लोपलेली, तर दोष खालच्या चेतापेशीत. आघात ताजा असता मात्र वरच्या मार्गाचा दोषही काही काळ लुळेपणाचाच वेष धारण करतो. चेहऱ्याच्या पक्षाघातातही हीच परीक्षा लागू पडते. कपाळावर आठ्या पडत असतील तर विकार मेंदूत, आणि कपाळही निश्चेष्ट असेल तर सातव्या मज्जातंतूत किंवा त्याच्या उगमस्थानी.

१९७१ च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र काढले, आणि या शास्त्रात नव्या अंमलाचा प्रारंभ झाला. तथापि, रक्तस्राव त्वरित दाखविणारे हे यंत्र, रक्तवाहिनी तुंबून झालेल्या आघाताच्या पहिल्या काही तासांत पुष्कळदा निर्दोष चित्र देते. आणि गुठळी विरघळविणारे औषध परिणामकारक ठरण्याची मुदत तर सामान्यतः साडेचार तासांचीच. म्हणूनच रुग्णास यंत्राकडे धाडण्यापूर्वी, दोष कोठे असावा हे केसपेपरवर स्वहस्ते लिहिण्याचा परिपाठ ज्याने ठेवला, त्यालाच आलेल्या चित्राची साक्ष तपासता येते. इतरांस ती केवळ मान्य करावी लागते.