रसायन आणि गणित टाळून जीवरसायन शिकता येत नाही

कुठल्याही गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज सर्वाधिक होणाऱ्या तपासण्यांपैकी एक म्हणजे रक्तातील साखरेची. तिच्यात काय घडते ते पाहिले, तर जीवरसायनशास्त्र हा विषय नेमका काय आहे ते कळते. रक्तद्रवात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे एन्झाइम मिसळले जाते. ते फक्त ग्लुकोजलाच ओळखते आणि त्याच्याशी होणाऱ्या अभिक्रियेतून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. पेरॉक्सिडेज हे दुसरे एन्झाइम त्या पेरॉक्साइडच्या मदतीने गुलाबी-लाल रंग उमटवते. ग्लुकोज जितके जास्त, तितका रंग गडद. त्या रंगातून साधारण ५०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडून किती प्रकाश शोषला गेला हे मोजतात, आणि त्यावरून समीकरणाने आकडा काढतात. साखर का वाढली, हा प्रश्न जीवशास्त्राचा आहे. पण ती किती आहे हे विश्वासाने सांगायला रसायन, भौतिक आणि गणित हे तिन्ही विषय लागतात. बारावीनंतर हा विषय निवडणाऱ्या पुष्कळ मुलांना मात्र तो बायोलॉजीचाच एक प्रकार वाटतो, आणि तिथूनच नियोजन चुकायला लागते.

आपल्याकडे जीवरसायनाच्या पदवीला येण्याची एक ठरलेली वाट आहे. अकरावीला गणित सोडून पीसीबी घेतले जाते, नीटची तयारी होते, गुण कमी पडतात, मग ‘तोपर्यंत कुठेतरी प्रवेश असू दे’ म्हणून बीएस्सी. नीटचा दुसरा प्रयत्न करण्यात गैर काहीच नाही. पण त्या प्रयत्नात पदवीचे पहिले वर्ष नुसते हजेरीपुरते उरते, आणि पायाभूत रसायन, द्रावणे तयार करण्याचे प्रात्यक्षिक, आकडेमोड हे सगळे त्याच वर्षात शिकवलेले असते. माझे म्हणणे असे की, या पदवीची किंमत तिच्या नावाने ठरत नाही. तिच्यात आपण किती रसायन, किती गणित आणि हाताने केलेले किती काम भरतो, यावर ती ठरते. हा निर्णय शेवटच्या वर्षी घेऊन चालत नाही, पहिल्याच सत्रात घ्यावा लागतो.

याचे पुरावे पुढच्या दारांवरच लिहिलेले आहेत. आयआयटीसारख्या संस्थांत एमएस्सीला नेणाऱ्या ‘जॅम’ परीक्षेच्या बायोटेक्नॉलॉजी पेपरमध्ये जीवशास्त्राबरोबर रसायन, गणित आणि भौतिक यांवरही प्रश्न असतात. ‘गेट’च्या लाइफ सायन्सेस पेपरमध्ये जीवरसायन हा ऐच्छिक विभाग आहे, तर रसायनाचा विभाग सर्वांना सक्तीचा. नोकरीच्या नियमांतही तेच दिसते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ प्रमाणे सर्वसाधारण औषधांच्या उत्पादनावर देखरेख करणारा माणूस विज्ञान पदवीधर असेल, तर त्याने रसायनशास्त्र हा मुख्य विषय म्हणून शिकलेला असावा आणि त्याच्याकडे तीन वर्षांचा अनुभव असावा अशी अट आहे. याउलट, अन्न सुरक्षा अधिकारी या पदासाठी जीवरसायनशास्त्राची पदवी चालते, पण रसायनशास्त्र घेतलेल्याला पदव्युत्तर पदवी लागते. महाराष्ट्रात या पदाची भरती एमपीएससीमार्फत झालेली आहे. म्हणजे मेजर आणि मायनर विषयांची निवड ही वेळापत्रकाच्या सोयीची बाब नाही. कोणते दार उघडे राहील आणि कोणते बंद होईल, हे ती ठरवते. जीवरसायन मेजर असेल, तर रसायन किंवा संख्याशास्त्र मायनर घेणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

या विषयाचा इतिहासही हेच सांगतो. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला कमला सोहोनी, म्हणजे लेखिका दुर्गा भागवतांची बहीण, यांनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली ती रसायन आणि भौतिक या विषयांत. पुढे केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे प्रथिन असते हे दाखवले आणि १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. मुंबईला आल्यावर त्यांनी कडधान्यांतील प्रथिने आणि नीरा यांवर काम केले, ते सामान्य माणसाच्या पोषणाशी जोडलेले होते. आजचे उदाहरण २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे. प्रथिनांच्या रचनेवरील कामासाठी डेव्हिड बेकर यांच्याबरोबर डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना तो मिळाला. हसाबिस यांची पहिली पदवी संगणकशास्त्राची, तर जम्पर यांची भौतिक आणि गणिताची. जीवनाचे कोडे सोडवणारे लोक शेजारच्या विषयांतून येत असतील, तर जीवरसायनाच्या विद्यार्थ्याने त्या विषयांकडे पाठ फिरवणे हे स्वतःचेच नुकसान आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, मुलाने गणित नको म्हणूनच पीसीबी घेतले, आता पुन्हा तेच का? आक्षेप खरा आहे, कारण ती भीती खरी आहे. पण इथे लागणारे गणित मर्यादित आणि ओळखीचे असते. पीएच आणि बफरसाठी लॉगरिदम, द्रावणाची तीव्रता काढण्यासाठी गुणोत्तर आणि एककांचे रूपांतर, प्रमाण आलेखासाठी सरळ रेषेचे समीकरण, निष्कर्षांसाठी सरासरी आणि प्रमाण विचलन. एन्झाइमचा वेग सांगणारे मायकेलिस आणि मेंटेन यांचे १९१३ चे समीकरणही बेरीज, गुणाकार, भागाकाराच्या पलीकडे जात नाही. त्याचा अर्थ आलेखावर समजून घ्यावा लागतो, इतकेच. रोज अर्धा तास दिला, तर एका वर्षात हा पाया भरून निघतो. त्यावर स्प्रेडशीट आणि थोडे पायथन शिकले, की स्वतःच्या प्रयोगाचे आकडे स्वतः तपासता येतात.

दुसरा आक्षेप पालकांचा, आणि तो अधिक वजनदार. एवढे शिकून कमाई कधी? याचे प्रामाणिक उत्तर असे की, बीएस्सीनंतर मिळते ते काम बहुधा औषध, लस किंवा अन्न उद्योगातल्या गुणवत्ता नियंत्रण विभागात नमुने तपासण्याचे आणि नोंदी ठेवण्याचे असते. काम सन्मानाचे आहे, पण स्वतंत्र निर्णयाची जागा बहुतेकदा एमएस्सीनंतर आणि संशोधनात पीएचडीनंतरच मिळते. पॅथॉलॉजी लॅबमध्येच जायचे असेल, तर वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो, नुसत्या बीएस्सीवर विसंबू नये. मात्र संशोधनाचा काळ सगळा विनावेतन नसतो. सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाल्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये विद्यावेतन मिळते. नव्या शैक्षणिक धोरणात चौथे वर्ष संशोधनासह ऑनर्स करता येते. त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात, आणि चार वर्षांच्या पदवीत तेवढे गुण टिकवले तर एमएस्सीशिवाय पीएचडीसाठी अर्जही करता येतो. पण तिथे एमएस्सी झालेल्यांशी स्पर्धा असते, हे विसरू नये. घरची गरज तातडीची असेल, तर तीन वर्षांनी नोकरी धरून पुढे शिकणे यात कमीपणा नाही. वाट आधी माहीत असावी, एवढेच.

तिसरा आक्षेप तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यांचा. आमच्या कॉलेजात प्रकाशाचे शोषण मोजणारा एक स्पेक्ट्रोफोटोमीटर, तोही कपाटात, मग हाताचे काम कुठून आणायचे? ही अडचण मुलांच्या मेहनतीने पूर्ण भरून निघणारी नाही. उपकरण मुलांच्या हातात देणे ही कॉलेजची जबाबदारी आहे आणि ते मागितलेच पाहिजे. म्हणूनच प्रवेश घेताना पालकांनी इमारतीपेक्षा हे विचारावे की, आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती, एका उपकरणामागे मुले किती, आणि शेवटच्या वर्षी प्रकल्प खरोखर होतो का. त्यापुढची वाटही आहे. तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप दोन महिने मोठ्या प्रयोगशाळेत काम करण्याची संधी देते. पुण्यातील एनसीएल, एनसीसीएस, आयसर आणि मुंबईतील टीआयएफआर या संशोधन संस्था महाराष्ट्रातच आहेत. १९७१ मध्ये सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेतील दोन लाखांहून अधिक रचना आणि हसाबिस आणि जम्पर यांच्या अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीने वर्तवलेल्या वीस कोटींहून अधिक रचना कोणालाही मोफत पाहता येतात. एनपीटीईएलचे ऑनलाइन वर्गही मोफत ऐकता येतात.

शेवटचा आक्षेप असा की, अठराव्या वर्षी आयुष्याचा आराखडा आखायला लावणे अन्यायाचे आहे. मलाही तसेच वाटते, आणि म्हणूनच मी ध्येय आधी ठरवा असे म्हणत नाही, पाया आधी भरा असे म्हणतो. पहिल्या वर्षी रसायन आणि गणित पक्के करावे आणि प्रयोगवहीत फसलेला प्रयोगही तारखेसह, कारणासह लिहायची सवय लावावी. दुसऱ्या वर्षी एखाद्या प्राध्यापकाच्या कामात हात घालावा, उन्हाळी फेलोशिपला अर्ज करावा, एखाद्या उद्योगातल्या गुणवत्ता विभागाचे काम पाहावे. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, ‘जॅम’चे अर्ज निघतात त्या सुमारास, नोकरी, एमएस्सी की चौथे वर्ष हे ठरवावे. तोवर मुलाला स्वतःचा कल हाताच्या अनुभवावरून कळलेला असतो. मग तो संशोधक होवो, अन्न सुरक्षा अधिकारी होवो की शाळेत विज्ञान शिकवो, या पायातले काही वाया जात नाही. हा पाया घालायला वेळ आणि उपकरण मिळवून देणे ही घराची आणि कॉलेजची जबाबदारी, आणि पहिल्या सत्रापासून तो मनावर घेणे ही विद्यार्थ्याची.