बिल सांगते किती, सबमीटर सांगतो कुठे

रुग्णाला १०२ ताप आहे एवढे कळले, म्हणजे आजार कळला असे होत नाही. तो मलेरियाचा की लघवीतल्या जंतुसंसर्गाचा, हे शोधावे लागते. इमारतीच्या वीजबिलाचेही तसेच. महिन्याअखेरीस येणारा आकडा वीज किती खर्च झाली ते सांगतो, कुठे ते सांगत नाही. ते कळण्यासाठी प्रत्येक विभागाच्या लाइनवर छोटा मीटर बसवतात. तोच सबमीटर.

रुग्णालयात हा प्रश्न फक्त पैशांचा नसतो. अतिदक्षता विभाग, नवजात बाळांचे वॉर्मर, रक्तपेढीचे फ्रीज, २ ते ८ अंश तापमानात लसी जपणारी शीतयंत्रे यांच्या विजेला हात लावता येत नाही. बचतीचा सरसकट आदेश निघाला, तर कात्री कुठे लावायची हे अंदाजावर ठरते. मोजमाप असेल तर रुग्णाला धक्का न लावता वाया जाणारी वीज शोधता येते.

मोठ्या लाइनवर तारेभोवती ‘सीटी’ म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरचे कडे बसवतात. ते तारेतल्या प्रवाहाच्या प्रमाणात छोटा प्रवाह मीटरला पुरवते. त्यावरून आणि व्होल्टेजवरून मीटर युनिट मोजतो. १,००० वॅटचे उपकरण तासभर चालले की १ युनिट. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मुख्य तारेत प्रवाह चालू असताना सीटीची मीटरकडची जोडणी उघडी राहिली, तर तिथे जीवघेणे व्होल्टेज तयार होऊ शकते. कडे उलटे किंवा चुकीच्या फेजवर बसले, तर आकडे खोटे येतात. म्हणून एकाच कालावधीतल्या सबमीटरच्या आकड्यांची बेरीज मुख्य मीटरशी ताडून पाहावी. मोठी तफावत दिसली, तर एखादी लाइन मोजायची राहिली आहे किंवा जोडणी चुकली आहे.

पहिले दोन आठवडे काही न बदलता तासातासाच्या नोंदी पाहाव्यात. रात्री २ वाजता बाह्यरुग्ण विभागात जवळपास शून्य वापर हवा. समजा, तिथे रात्रीचे १२ तास ५ किलोवॅट भार दिसतो. म्हणजे रोज ६० युनिट, ३० दिवसांत १,८०० युनिट वाया. एसी चालू राहिला, की गिझरचा थर्मोस्टॅट बिघडला, हे शोधायला आता एकच विभाग पाहायचा असतो.

दुसरा उपयोग सुरक्षिततेचा. तारेतला प्रवाह दुप्पट झाला, तर तिच्यात निर्माण होणारी उष्णता चौपट होते. जुन्या वायरिंगवर दरवर्षी नवी यंत्रे जोडली जातात आणि भार कळत-नकळत वाढत जातो. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू विभागाला लागलेल्या आगीत १० बाळे दगावली. रुग्णालयाच्या वीजव्यवस्थेकडे दुर्लक्ष परवडत नाही, हे त्यानंतर वेगळे सांगायला नको. सबमीटर आग रोखत नाही. त्यासाठी योग्य क्षमतेचे एमसीबी, चांगले अर्थिंग आणि नियमित तपासणीच हवी. मात्र एखाद्या फेजवर भार वाढत चालला आहे, हे तो आधी दाखवू शकतो.

गृहसंस्थांनाही हे लागू आहे. पाण्याचा पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे यांचे मीटर वेगळे केले, तर सामाईक बिलावरून होणारे वाद कमी होतील. पाणी तेवढेच वापरले जात असताना पंपाचे युनिट वाढले, तर गळकी टाकी किंवा झिजलेला पंप असण्याची शक्यता तपासावी.

रक्तदाब मोजला आणि गोळी सुरू केली नाही, तर मोजण्याचा उपयोग काय? सबमीटरचे आकडे दर आठवड्याला कोण लिहिणार, वाढ दिसली तर कोणाला कळवणार, ही दोन माणसे ठरवून मगच मीटर बसवावेत.