राष्ट्रपतींच्या सहीआधीचा कागद

घटनादुरुस्तीचं विधेयक हाती आलं की मी त्याचं उद्देशपत्र शेवटी वाचते. उद्देश सगळ्यांचेच चांगले असतात. मी पेन्सिल घेऊन ‘राष्ट्रपती’ या शब्दावर खुणा करत जाते आणि समासात लिहिते : सहीआधी लेखी कोण देणार? संसदेपुढे किती दिवसांत? मतं किती? आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं. राष्ट्रपती ‘नामधारी प्रमुख’ म्हणून मुलं ती वाक्यं ओलांडून पुढे जायची. पण त्यांच्या नावे लिहिलेला अधिकार प्रत्यक्षात सरकारच वापरतं, म्हणून तीच वाक्यं सावकाश वाचायची असतात.

25 जून 1975 ची रात्र आठवा. मंत्रिमंडळाची बैठक न घेताच पंतप्रधान इंदिरा गांधींनी आणीबाणी जाहीर करण्यासाठी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना पत्र पाठवलं. कामकाज नियमावलीतल्या नियम 12 नुसार पंतप्रधानांना बैठकीची अट बाजूला ठेवता येते, त्याचाच आधार घेतला. सही झाली. मंत्र्यांना कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. पुढच्या वर्षी 42 वी घटनादुरुस्ती आली : मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच राष्ट्रपतींनी वागावं हे कलम 74 मध्ये स्पष्ट लिहिलं गेलं, आणि लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं झाली.

जनता सरकारच्या काळातली 44 वी दुरुस्ती मला फार मोलाची वाटते, कारण ती करणाऱ्यांनी त्या रात्रीचा एकेक टप्पा डोळ्यांसमोर ठेवला होता. आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय हवा. ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण पुरणार नाही, सशस्त्र बंड हवं. संसदेची मंजुरी दोन महिन्यांऐवजी एका महिन्यात, तीही विशेष बहुमताने, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. राष्ट्रपतींना सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येऊ लागला. 1997 मध्ये के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशातल्या राष्ट्रपती राजवटीचा सल्ला असाच परत पाठवला आणि गुजराल सरकारने तो पुन्हा रेटला नाही. लोकसभेची मुदतही पुन्हा पाच वर्षं झाली.

मात्र लेखी निर्णयाची ती अट राष्ट्रीय आणीबाणीपुरतीच राहिली. 23 नोव्हेंबर 2019 च्या पहाटे महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली, तेव्हा तोच नियम 12 वापरला गेला. मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून आली.

आता 129 व्या घटनादुरुस्तीचं विधेयक घेऊ. लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुका एकत्र घेण्यासाठीचं हे विधेयक डिसेंबर 2024 मध्ये मांडलं गेलं आणि संसदेच्या संयुक्त समितीकडे गेलं. खर्चाची चर्चा पुष्कळ झाली, ती सोडते. माझी पेन्सिल अडते प्रस्तावित कलम 82-क च्या पाचव्या खंडाशी. एखाद्या विधानसभेची निवडणूक सोबत घेता येणार नाही असं निवडणूक आयोगाला वाटलं, तर आयोग शिफारस करील आणि ती नंतर घेण्याचा आदेश राष्ट्रपती काढू शकतील. नंतर म्हणजे कधी? मांडलेल्या मसुद्यात मुदत नाही, आणि आदेश संसदेपुढे ठेवण्याचं बंधनही त्या खंडात नाही. राष्ट्रपती राजवटीला 44 व्या दुरुस्तीने किती कुंपण घातलं ते शेजारी ठेवून पाहा : वर्षापलीकडे न्यायची तर देशात किंवा त्या राज्यात आणीबाणी लागू हवी आणि निवडणूक घेणं अवघड असल्याचं आयोगाचं प्रमाणपत्रही हवं. तरीही कमाल तीन वर्षं. एकत्र निवडणुकांच्या बाजूने असणाऱ्यांनीही इथे सहा महिन्यांची कमाल मर्यादा आणि संसदेची मंजुरी मागायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

मागायची ती आत्ताच. 1971 च्या 24 व्या दुरुस्तीनंतर घटनादुरुस्तीच्या विधेयकाला राष्ट्रपतींना संमती द्यावीच लागते. साधं विधेयक ते फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, हे नाही.