लहान ॲल्युमिनियम होडीच्या तळाची दुरुस्ती व मजबुती

शिरूर व दौंड हे तालुके कमी पावसाच्या पट्ट्यात मोडत असले, तरी भीमा, घोड व मुळा-मुठा ह्या नद्यांमुळे तेथे मासेमारीस चांगला वाव आहे. शिरूर तालुक्यात चिंचणी येथे घोड नदीवर धरण आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा दौंड तालुक्यातील खानोटा, राजेगाव ह्यांसारख्या गावांपर्यंत पोहोचतो. रोहू, कटला, मृगळ व चिलापी ह्या माशांवर काठावरील अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. शेतकऱ्यास जसे औत, तशी मच्छीमारास होडी होय. औत मोडले तर एक दिवसाचे काम अडते. होडीचा तळ खोल पाण्यात दगा देईल तर जिवावर बेतते.

ॲल्युमिनियमची होडी वजनाने हलकी असते व तिला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. ह्यामुळे तिला काही होत नाही, असा समज होऊन तिच्या तळाकडे दुर्लक्ष होते. पायाखालची फळी कुजली की तिच्यावर आणखी एक जाड फळी ठोकण्यात येते. परंतु कुजलेली फळी हे केवळ लक्षण आहे. खरा बिघाड फळीखाली साचून राहणाऱ्या पाण्यात व तेथे पडलेल्या परक्या धातूंत असतो. तो दूर केल्याविना घातलेली नवी फळी थोड्याच काळात जुन्या फळीच्या वाटेने जाते.

तळ का बिघडतो?

ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर हवेच्या संयोगाने एक अतिशय पातळ, पण चिवट थर तयार होतो व तोच धातूचे रक्षण करतो. फळीखाली ओला गाळ, जलपर्णीचा पाला व खवले दबून राहिल्यास तेथे हवा पोहोचत नाही, रक्षक थर टिकत नाही व पत्र्यास बारीक खळगे पडू लागतात. पांढरी भुकटी दिसणे ही ह्या झिजेची खूण होय.

तांबे, पितळ, शिसे किंवा लोखंड ओल्या ॲल्युमिनियमला टेकून राहिल्यास दोन धातूंमध्ये सूक्ष्म विद्युत्प्रवाह सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनियमची झीज होते. जाळ्याचे सुटलेले शिसे, पितळी कडी किंवा खिशातून पडलेले नाणे फळीखाली राहिल्यास तेवढ्या जागी पत्रा झिजून भोक पडू शकते. गळती बुजविण्यासाठी सिमेंट किंवा चुना लावणेही घातक आहे. ओले असता दोन्ही पदार्थ ॲल्युमिनियम खातात.

ह्याशिवाय उन्हाळ्यात जलाशय ओसरू लागला म्हणजे बुडालेले खडक, झाडांचे बुंधे व जुनी बांधकामे पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येतात. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने मंदिर पाणी उतरताच उघडे पडते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. अशा दिवसांत होडीचे बूड घासून रिव्हेट सैल होतात.

तपासणी

जाळी, इंजिन व फळ्या काढून होडी भक्कम लाकडी ठोकळ्यांवर ठेवावी. आतील गाळ धुऊन काढावा व बूड बाहेरून कोरडे करावे. नंतर आत चार-पाच बोटे पाणी भरावे. बाहेर जेथे थेंब दिसेल तेथे खडूने खूण करावी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. यास्तव होडी काठोकाठ भरू नये, अन्यथा ठोकळ्यांवरच बूड वाकेल. प्रत्येक आडवी फासळी हाताने हलवून तिचे जोडही पाहावेत.

पत्र्याची दुरुस्ती

सैल रिव्हेट पुन्हा ठोकून घट्ट होत असेल तर उत्तम. न झाल्यास तो काढून थोडा मोठा ॲल्युमिनियमचा भरीव रिव्हेट बसवावा. पत्र्यास भेग असल्यास प्रथम तिच्या दोन्ही टोकांस तीन-चार मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे भेग पुढे सरकत नाही. नंतर भेगेच्या सर्व बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर बाहेर जाईल असे ठिगळ कापावे व त्याचे कोपरे गोल करावेत. ठिगळासाठी पाण्यात टिकणाऱ्या ५०५२ किंवा ५०८३ ह्या जातीचा पत्रा घ्यावा. दोन्ही पृष्ठभाग घासून स्वच्छ करावेत. ज्या ब्रशने पूर्वी लोखंड घासले असेल तो वापरू नये. मध्ये पॉलियुरेथेन सीलंट पसरून चार मिलिमीटर जाडीचे रिव्हेट सुमारे दोन सेंटिमीटर अंतराने मारावेत. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन येथे योग्य नव्हे.

वेल्डिंग करावयाचे असल्यास ॲल्युमिनियमचा अनुभव असलेल्या कारागिराकडेच जावे. हा धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो व वितळण्यापूर्वी लोखंडासारखा लाल होत नाही. अननुभवी हाताने पातळ पत्र्यास क्षणात भोक पडते.

नवी फळी

फळीचा भार बुडाच्या पत्र्यावर न पडता फासळ्यांवर पडला पाहिजे. फासळ्यांमध्ये अंतर जास्त असल्यास त्यांच्यावर ॲल्युमिनियमचे अँगल किंवा चौकोनी नळ्या तीस ते चाळीस सेंटिमीटर अंतराने बसवाव्यात. आधारांमधील अंतर निम्मे केले, तर त्याच फळीचे मध्यभागी लवणे त्याच भाराखाली सुमारे एक-अष्टमांशावर येते. फळीची जाडी वाढविण्यापेक्षा आधार वाढविणे अधिक लाभदायक का, हे ह्यावरून ध्यानी येईल. बुडातील पाणी मागील बाजूस वाहत यावे म्हणून प्रत्येक आडव्या आधाराखाली वाट मोकळी ठेवावी.

फळीसाठी आयएस ७१० प्रतीचे बारा मिलिमीटर मरीन प्लाय पुरेसे असते. त्याच्या कडा व पाडलेली भोके ह्यांसह सर्व बाजूंनी इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावेत, कारण पाणी प्रथम कडेतूनच शिरते. मोरचूद किंवा अन्य तांबेयुक्त औषध लावलेले लाकूड वर्ज्य करावे. प्लायऐवजी तीन मिलिमीटरचा खडबडीत ॲल्युमिनियम पत्राही चालतो. त्याचे वजन चौरस मीटरला सुमारे आठ किलो, म्हणजे बारा मिलिमीटर प्लायच्या जवळपासच असते. तेवढ्याच जाडीचा लोखंडी पत्रा मात्र साडेतेवीस किलो भरेल. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरल्यास त्यांच्याखाली नायलॉनचे वायसर घालावेत. फळी कायमची न जखडता उचलता येईल अशी बसवावी.

तरंगण्याची तजवीज

ॲल्युमिनियम लाकडाप्रमाणे आपोआप तरंगत नाही. ऐंशी किलोची होडी पाण्याने भरली असता तिचे पाण्यातील वजन सुमारे पन्नास किलो राहते. इंजिनाचा भार निराळा. वीस लिटरचे पाच घट्ट बंद कॅन सुमारे शंभर किलो भार उचलून धरतात. ते फळीखाली न ठेवता दोन्ही बाजूंस बैठकांखाली वरच्या अंगास बांधावेत, म्हणजे भरलेली होडी उलटण्याचा धोका कमी होतो. थर्मोकोल वापरल्यास पेट्रोलपासून दूर ठेवावे. त्यात ते विरघळते.

तळ कितीही भक्कम असला तरी वाऱ्यापुढे होडी लहानच. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण मृत्युमुखी पडले. यास्तव आभाळ भरून आल्यास होडी पाण्यात घालू नये, जादा माणसे घेऊ नयेत व प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे.

निगा

दररोज काठावर आल्यावर होडी किंचित तिरपी ठेवून पाणी काढून टाकावे. पंधरा दिवसांतून एकदा फळ्या उचलून तळ धुवावा, सुकू द्यावा आणि शिसे किंवा खिळे राहिले असल्यास वेचून काढावेत. ह्या कामी तासाभराहून अधिक वेळ लागत नाही. ज्याच्या होडीचा तळ कोरडा व स्वच्छ आहे, त्यास वरचेवर नवी फळी घालण्याचा खर्च करावा लागणार नाही, आणि खोल पाण्यात जाळे ओढताना पायाखालच्या आधाराविषयी तो निश्चिंत राहील.